मागणीपूर्व उपलब्धता

पाणीपुरवठा खात्याची वेबसाइट उघडायला चार मिनिटे लागत आणि त्यात खात्यातल्या कोणालाही काही गैर वाटत नव्हते. नळजोडणीला जिथे दोन वर्षे लागतात तिथे चार मिनिटे म्हणजे तातडीची सेवा. अडचण एवढीच होती की त्या वेबसाइटवर लोकांना एकच गोष्ट बघायची असे: आज पाणी किती वाजता येणार. वेळ रोज बदले, पाणी जेमतेम दहा मिनिटे टिके. पान उघडेपर्यंत पाणी येऊन, घरात कोणी नाही असे समजून, परत गेलेले असे.

या खात्यात कंत्राटी नावाचा टंकलेखक होता. आईबापांनी ठेवलेले नाव निराळे होते, पण अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटांवर तेरा वर्षे काढल्यावर ते फक्त बायकोला आणि मतदार यादीला आठवत असे. एकदा वरून सणसणीत बोलणी खाऊन आलेल्या साहेबांनी भर बैठकीत जाहीर केले, "ही वेबसाइट जो वेगवान करून दाखवेल त्याला मी कायम करतो!" साहेब असे पुष्कळ बोलत. पण या वेळी वाक्य बैठकीच्या इतिवृत्तात गेले, कारण इतिवृत्त कंत्राटीच टंकत होता.

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तो एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने स्टॅटिक साइट जनरेटर शिकू लागला. जुनी वेबसाइट कोणी काही विचारले की दर वेळी कोठारात उतरे, माहिती उपसे, पान जुळवी आणि धापा टाकत वर येई. नव्या पद्धतीत मजकूर साध्या फायलींत लिहायचा, एकदा साच्यात ओतायचा, की सगळी पाने छापून तयार. येईल त्याच्या हातात ठेवायची, बस्स. पहिल्याच दिवशी एका ओळीच्या सुरुवातीला दोनऐवजी तीन मोकळ्या जागा पडल्या आणि यंत्राने सगळ्या शहराची पाने काढायला साफ नकार दिला. कारण काय, तेही नीट सांगितले नाही. कंत्राटीला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

घरी बायको म्हणाली, "अहो, संगणकाच्या त्या काळ्या खिडकीत एवढं काय दिसतं तुम्हाला?"

"कायम नोकरी."

"तेरा वर्षं दिसतेय ती. जवळ कधी येणार?"

दोन महिन्यांनी आली, निदान तसे वाटले. दोनशे चौदा पाने एका सेकंदात तयार झाली. कोणतेही पान पापणी लवायच्या आत उघडू लागले. कंत्राटीने वेबसाइट आठवडाभर चाचणीसाठी लोकांना खुली केली आणि आठवडा सरल्यावर साहेबांच्या दालनात प्रात्यक्षिक मांडले. सोबत हेडक्लार्क होते. त्यांनी आयुष्यात एकही कागद हरकतीशिवाय पुढे सरकू दिला नव्हता, म्हणून त्यांना सगळे हरकतराव म्हणत.

साहेबांनी बटण दाबले आणि पडद्याकडे बघत बसले.

"कधी उघडणार?"

"उघडलंय, साहेब."

"हे? हे तर आधीच तयार होतं!"

"तीच तर गंमत आहे, साहेब. पान आधीच तयार असतं."

हरकतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "आधीच म्हणजे? कोणी मागायच्या आधी?"

"हो."

"अर्ज नसताना?"

"अहो, वेळापत्रक आहे ते. त्याला अर्ज कशाला?"

"आणि समजा, ते पान कोणी मागितलंच नाही. मग ते कोणाच्या आदेशावरून केलं, हे लेखापरीक्षणात कोण सांगणार? तुझे तीर्थरूप?" हरकतरावांनी तिथल्या तिथे टिपणी लिहायला घेतली: 'नागरिकाने मागणी करण्यापूर्वीच सेवा सज्ज ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. मागणीपूर्व उपलब्धता ही गंभीर अनियमितता असून, अशाने नागरिकांना सवय लागण्याची दाट शक्यता आहे.'

साहेब मात्र खूश होते. "ते बघू हो. हे चालवायला रोज किती माणसं लागतील?"

"एकही नाही, साहेब," कंत्राटी छाती फुगवून म्हणाला. "पाणी सोडणाऱ्याने वेळ टाकली की पानं आपोआप निघतात. बंद पडायला यात काही नाहीच."

"वा! मग तुला कायम कशावर करू?"

कंत्राटीने मनात हिशेब केला. त्याने दोन महिने खपून स्वतःचीच जागा रद्द केली होती, तीही एका सेकंदात.

त्याच वेळी चाचणीवरच्या तक्रारींचा गठ्ठा आला. जुनी वेबसाइट चार मिनिटे लोंबकळत असताना वर्षात तीन तक्रारी आल्या होत्या. ही उघडू लागल्यापासून आठवड्यात एकशे बारा. कंत्राटी वाचत गेला. 'पान लगेच उघडले, त्याअर्थी ते कोणी तपासलेले नाही.' 'इतक्या लवकर उत्तर म्हणजे फसवणुकीचा प्रकार दिसतो.' एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिले होते, 'माझ्या प्रश्नाचा क्षणभरही विचार न करता उत्तर माझ्या तोंडावर फेकण्यात आले.'

"बघ," हरकतराव म्हणाले, "मी एकटाच नाही."

कंत्राटी आपल्या टेबलाशी परतला आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा खात्यासारखा विचार करू लागला.

तीन दिवसांत सुधारणा झाली. वेबसाइट उघडताच आता 'पान मिळणेबाबत विनंती' असे बटण येई. ते दाबले की चक्र फिरू लागे आणि खाली सावकाश ओळी उमटत: 'आपली विनंती प्राप्त झाली.' 'संबंधित लिपिक जागेवर नाहीत.' 'संबंधित लिपिक जागेवर आले.' 'पान सापडले, सहीसाठी वर पाठवले आहे.' साडेसहा मिनिटांनी पान प्रकट होई. हरकतराव दोनदा बघून गेले आणि दुसऱ्यांदा त्यांचे डोळे पाणावलेले होते.

बायकोला मात्र कोडे उलगडेना. "म्हणजे पान तयारच असतं?"

"पहिल्या क्षणापासून. मी फक्त झाकून ठेवतो."

"मग साडेसहा मिनिटं आत काय चालतं?"

"काही नाही."

"आणि त्यासाठी माणूस कायम करतात?"

"अगं, जे चालत नाही ते सुरळीत चालू ठेवायला माणूस नको का?"

आदेश निघाला. 'प्रतीक्षा नियंत्रक' असे नवे पद निर्माण झाले, त्यावर कंत्राटीला कायम केले गेले, हाताखाली दोन माणसे मिळाली. ती कंत्राटी होती. हरकतरावांनी आदेशावर 'हरकत नाही' असे लिहिले. कार्यालयात कोणीतरी ते वाक्य मोबाइलवर टिपून ठेवले.

महिन्याअखेरीस खात्याने लोकांचे अभिप्राय मागवले. वेबसाइटला पाचपैकी पाच तारे पडले, आणि तेही हजारोंनी. 'आता कुठे काम होतंय असं वाटतं.' 'आमच्यासाठी कोणीतरी धावपळ करतंय, डोळ्यांना दिसतं.' 'पाणी गेलं, पण खात्याने प्रयत्न केला.'

अभिप्राय देणाऱ्यांची नावे खाते जाहीर करत नाही. सुटलात तुम्ही.