अगं, एक टॉवेल दे

स्वयंपाकघरातला नळ थेंबथेंब गळत होता, म्हणून काकांनी तो जोर लावून पिळला आणि नळ मुळासकट हातात आला. भिंतीतून पाण्याचा फवारा सुटला. काका नखशिखांत भिजले. काकू जाऊन एकवीस दिवस झाले होते, आणि तेव्हापासून घरातली एकेक वस्तू काकांच्या जिवावर उठली होती.

काका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एका अनुस्वारासाठी लेखकाशी हातघाईवर येणारा माणूस. पण घरातलं पाणी कुठून बंद होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आधी त्यांनी भोकावर तळहात दाबून धरला. मग फडकं कोंबलं. फडकं उडून खिडकीला चिकटलं. एवढ्यात खालच्या वहिनींनी झाडूच्या दांड्याने छत ठोकायला सुरुवात केली.

कपाटाच्या दाराला आतून काकूंच्या अक्षरात ‘नळ’ असं लिहून एक नंबर चिकटवलेला होता. काकांनी घरच्या फोनवरून तो फिरवला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“अहो, नळ तुटलाय, घरात तळं झालंय. पत्ता लिहून घ्या...”

“आलोच,” म्हणून पलीकडच्या माणसाने फोन ठेवूनही दिला.

पत्ता न घेता हा कुठे जाणार? काकांनी कपाळाला हात लावला. पण दहाव्या मिनिटाला बेल वाजली.

दारात साठीचा, ठेंगणा, टक्कल पडलेला प्लंबर धापा टाकत उभा होता. काकांकडे धड न बघताच तो आत घुसला, मागच्या गॅलरीत जाऊन त्याने दारामागचं स्टूल ओढलं, त्यावर चढून कॉक फिरवला. पाणी थांबलं. मग गुडघे टेकून तो ओट्याखाली शिरला आणि तिथूनच आतल्या खोलीकडे ओरडला,

“अगं, एक जुना टॉवेल दे गं! खालच्या खणातला!”

प्लंबर लोक बायकांना ‘ताई’ म्हणतात, ‘वहिनी’ म्हणतात, ‘मॅडम’ म्हणतात. ‘अगं’ म्हणत नाहीत.

“कोणाला म्हणालात?” काकांनी विचारलं.

ओट्याखालून टक्कल हळूहळू बाहेर आलं. “जीभ घसरली, साहेब. वहिनी... बाहेर गेल्यात का?”

“गेली ती. एकवीस दिवस झाले. झोपेतच.”

प्लंबर होता तिथेच, पाण्यात, बसला. “मला वाटलं रुसली,” तो पुटपुटला. “शेवटी जरा वाजलं होतं आमचं. नंतर फोनच उचलेना. आज इथला नंबर दिसला, म्हटलं राग निवळला असेल.”

“किती वर्षं?”

“सात.”

“म्हणजे ते दर महिन्याला बिघडणारे नळ...”

“नळांना काही झालं नव्हतं, साहेब.”

“अहो, मी पाण्याच्या दाबाबद्दल सोसायटीला चार पत्रं लिहिली!”

“तिने वाचून दाखवली होती. भाषा फार सुरेख तुमची.”

काकांनी जमिनीवरचा पाना उचलला आणि उगारला. प्लंबरने भरल्या डोळ्यांनी वर बघितलं.

“तो हलका आहे,” तो म्हणाला. “पिशवीत मोठा आहे, तो घ्या.”

काकांचा हात खाली आला. तेही त्याच्यासमोर पाण्यात बसले.

“तुझ्याशी बोलायची का ती?”

“बोलायची? दम घेऊ द्यायची नाही! रेडिओ परवडला.”

काकांशी ती दिवसाला दोन वाक्यं बोलायची. ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘दार ओढून घ्या’. बायको मुळातच अबोल, अशी काकांची समजूत होती.

तेवढ्यात उघड्या दारातून खालच्या वहिनी पदर खोचून आत आल्या. “काका, माझ्या गादीवर धबधबा...” आणि थबकल्या. एक अनोळखी माणूस पाण्यात बसून ओक्साबोक्शी रडत होता. वहिनींचा राग कुठल्या कुठे गेला.

“काकूंचे भाऊ का?” त्यांनी हळूच विचारलं.

एकवीस दिवसांत झाडून सगळे येऊन काकांचं सांत्वन करून गेले होते. ह्या माणसाला कुणी विचारलंही नव्हतं. विचारणार तरी कोण?

“घरातलेच आहेत,” काका म्हणाले.

वहिनींनी प्लंबरच्या खांद्यावर हात ठेवला. “सावरा, दादा. आपलं माणूस गेलं की असंच होतं. आणि लगेच जाऊ नका हं. काका अगदी एकटे पडलेत, राहा चार दिवस.”

त्या गेल्यावर बाहीला नाक पुसत प्लंबर हत्यारं पिशवीत भरू लागला. “निघतो, साहेब.”

“थांब जरा. ती हसायची का रे?”

“हो तर.”

“कशी?”

प्लंबरने क्षणभर डोळे मिटले. “आवाज नाही यायचा. पाठ फिरवायची, आणि नुसते खांदे हलायचे.”

ओट्यापाशी पाठमोरी उभी असताना तिचे खांदे हलताना काकांनी कितीदा तरी पाहिले होते. ती रडतेय असं समजून, पाऊल न वाजवता, ते प्रत्येक वेळी बाहेरच्या खोलीत निघून गेले होते.