पोटाशी बांधलेला गुडघा

"सर, गुडघा ठेवलाय!" गंगाखेडचा खाटीक आमच्या सोनटक्के सरांना लांबूनच हाक मारायचा. बाकीचं गाव मटण नेतं. हा माणूस बोकडाचा नुसता गुडघा नेणार. तोही खायला नव्हे, पेरायला!

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी मराठी. घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हा तमाशा मला फुकटात. घरात ते आणि त्यांची म्हातारी माय. मायचे गुडघे पार गेलेले. पालमला तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली, तिला एकदा भेटायचं म्हणून माय तळमळायची, पण एस.टी.ची पायरी काही चढवत नव्हती.

"हाड जुळतं, कातडी भरती," सर दिसेल त्याला धरून सांगत, "पन सांध्यातली कूर्चेची गादी झिजली की पुन्हा येत न्हाई. आपण तिचं रोप करायचं अन् झिजल्या जागी लावायचं!" कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं म्हणे. अहो, वाचलं तिथंच सोडून द्यावं ना! पण नाही. कूर्चा खरवडायची, काचेच्या बशीत पोषक पाण्यात ठेवायची आणि अंडी उबवायच्या पेटीत अंगाइतक्या उबेला सांभाळायची. चार दिवसांत वास आमच्या स्वयंपाकघरात.

"प्रगती हाय," सर म्हणायचे. नासलं तरी प्रगतीच!

"काय सर, यंदा गुडघ्याचं पीक कसं?" मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारायचो.

"उगवण कमी हाय," सर गंभीरपणे सांगत. या माणसाला थट्टा म्हणून कळायची नाही, आणि त्याचाच आम्हाला लय वैताग.

एकदा बशीत पांढरा पापुद्रा धरला. कॉलेजातला सूक्ष्मदर्शक कधीचा बिघडलेला, म्हणून परभणीच्या एका डॉक्टर मित्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो तपासायचं ठरलं. ऊब जाऊ नये म्हणून सरांनी झाकणबंद बशी उपरण्यानं पोटाशी बांधली, वर स्वेटर चढवला. ऐन उन्हाळ्यात! कामानिमित्त मीही त्याच एस.टी.त, शेजारच्याच सीटवर.

"पोटाला काय बांधलंय वो?" कंडक्टरनं दरडावलं.

"गुडघा हाय."

सगळी गाडी खो खो हसली. खड्डा आला की सर दोन्ही हातांनी पोट धरायचे.

मजा बघायला मी दवाखान्यातही सोबत गेलो. डॉक्टरांनी नळीत डोळा घातला आणि लगेच काढला. "सोनटक्के, बुरशी आहे ही."

परतीच्या वाटेवरही खड्डे आले, पण सरांनी पोट धरलं नाही. मला मात्र स्टाफरूममध्ये कधी एकदा सांगतो असं झालं होतं. गावात उतरल्यावर उरलेली मजा बघायला मी त्यांच्या घरातही शिरलो.

सर मायच्या बाजेशी बसून तिचा गुडघा हळूहळू चोळत होते.

"काय मनले रं डागदर?"

"उगवलंय मनले, माय. येत्या साली तुला पालमला नेतो."

हा माणूस खोटं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. सर चहा ठेवायला आत गेले, तशी मायनं मला जवळ बोलावलं.

"काय बी उगवलं न्हाई, मला कळतंय की. त्याचं तोंड बघा कसं उतरलंय. पन तुमी बोलू नका, लेकरा. ह्याच्या बापानं जलमात माझा पाय कंदी इचारला न्हाई. ह्यो रोज सांजचं गुडघा हातात घेऊन बसतो."

चहा कसाबसा घेतला आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे माझीच वाट बघत होते. "बोला, काय निघालं परभणीला?"

सर कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते.

"उगवलंय," मी म्हणालो.