प्रथुम आता नाही

फोन वाजला तेव्हा खियतआजी कोंबड्यांना तांदूळ टाकत होती, आणि उजव्या डोळ्याला तीन कोंबड्यांच्या सहा दिसत असल्यामुळे तांदूळ दुप्पट पडत होता.

"प्रथुमआजी बोलताय का?" पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला.

आजी सावध झाली. नोंगफाय गावात तिला प्रथुम म्हणणारं कुणीच नव्हतं. जन्मली तेव्हा ती इतकी किरकोळ होती, की भुतांनी न्यायच्या लायकीची वाटू नये म्हणून आईने तिला खियत, म्हणजे बेडकी, म्हणायला सुरुवात केली. ते शहात्तर वर्षं चाललं. प्रथुम हे नाव फक्त सरकारी कागदांवर होतं, आणि मार्चपासून तेही नव्हतं. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख काही केल्या मिळत नाही असं तिने सांगितल्यावर विहारातल्या मोठ्या भंतेंनी पत्रिका पाहून दोष रुग्णालयात नसून नावात असल्याचं निदान केलं, आणि पुस्तकातून नवीन नाव काढून दिलं: नत्तनिचा. पुस्तक अलीकडचं असावं. नाव शाळकरी मुलीला शोभण्यासारखं निघालं. पण आजीने तालुका कचेरीत जाऊन ते रीतसर लावून घेतलं.

"कोण बोलतंय?" आजीने विचारलं.

"मी विलावन, रुग्णालयातून. डोळ्यांच्या विभागातून. आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मंगळवारी जागा झालीय. सरकारी कार्डावर फुकट होईल. फक्त ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे सांगता का?"

गावप्रमुख थवी महिनाभर रोज सकाळी सहाला कर्ण्यावरून ओरडत होता: "फोनवर आकडे विचारणारा चोर समजा! फुकट काही देणारा मोठा चोर समजा!" ही बाई तर दोन्ही करत होती. शिवाय गोड बोलत होती. आजीला खऱ्या सरकारचा पन्नास वर्षांचा अनुभव होता. ते कधी गोड बोललेलं तिने ऐकलं नव्हतं.

"प्रथुम आता नाही," ती थंडपणे म्हणाली.

"अरेरे! कधी?"

"मार्चमध्ये."

"फार आजारी होत्या का हो?"

"नशीब वाईट होतं तिचं. भंतेंनी पाणी शिंपडलं, सगळं नीट केलं. अर्ध्या तासात आटोपलं."

"त्रास नाही ना झाला?"

"बसमध्ये झाला तेवढाच."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी तिला जन्मापासून ओळखते," असं म्हणून आजीने फोन बंद केला. एकही शब्द खोटा न बोलता चोराला वाटेला लावल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

कुंपणापलीकडे पपई तोडणाऱ्या लमायने सगळं ऐकलं होतं. लमाय गावची आरोग्य स्वयंसेविका. घरोघर जाऊन रक्तदाब मोजणं हे तिचं काम, आणि मोजताना बातम्या सांगून तो वाढवणं हा तिचा स्वभाव.

"पण मावशी, तिला तुझ्या मोतीबिंदूचं कसं कळलं?"

"तेच म्हणते मी! म्हणजे घरात शिरून बघून गेलेत मेले."

लमायने त्याच नंबरवर फोन लावला. एका नोंदवलेल्या आवाजाने एक दाबा, दोन दाबा, चार दाबा असं सांगितलं आणि मग वीस मिनिटं संगीत ऐकवलं. "माणूस नाहीच, यंत्र आहे," लमाय म्हणाली. "म्हणजे टोळी मोठी आहे."

दुसऱ्या दिवशी कर्णा कडाडला: "सावधान! आता मोतीबिंदूवाली टोळी आलीय! डोळ्यांच्या नावाने फोन आला तर दोन शिव्या हासडा आणि ठेवून द्या!" गावात म्हाताऱ्यांची आणि मोतीबिंदूंची संख्या साधारण सारखीच असल्यामुळे ही घोषणा मन लावून ऐकली गेली.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला लक्षात आलं, की आजीचा वृद्धभत्ता जमा झालेला नाही.

हा भत्ता सातशे बाट होता. सत्तरी ओलांडल्यावर सातशे, ऐंशी ओलांडल्यावर आठशे, आणि नव्वदीपार माणसाला खाण्याची इच्छा उरत नाही तेव्हा हजार, अशी त्याची रचना होती. त्यात तांदूळ, माशाचं आंबवण आणि तेल यांची मिळून दोन आठवड्यांची सोय होई. उरलेले दोन आठवडे बँकॉकमधला मुलगा आणि दारातली मायाळूची वेल पाहत. रुग्णालयात सगळं फुकट होतं, पण तिथे नेणारा गाडीवाला चारशे घेई. त्यासाठी तीन महिने बाजूला काढलेले पैसे आता या महिन्यात खाऊन संपणार होते.

"बघ, आकडे न सांगताही नेले!" आजी म्हणाली.

दोघी ग्रामकार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने संगणकात पाहिलं, मग आजीकडे पाहिलं, मग पुन्हा संगणकात. त्याचा विश्वास संगणकावर बसलेला दिसला.

"आजी, तुम्ही वारलाय."

"कोण म्हणतं?"

"रुग्णालय म्हणतंय. नातेवाइकांनी फोनवर कळवलं असं लिहिलंय. मार्चमध्ये."

गेल्या वर्षापासून सगळ्या खात्यांचे संगणक एकमेकांना जोडले होते. त्यामुळे एका खात्याने चुकीचं ऐकलं, की बाकीची खाती ते तत्काळ खरं मानत.

"मग ही तुझ्यासमोर कोण उभी आहे?" लमायने विचारलं.

"मी डोळ्यांनी बघून लिहू शकत नाही, ताई. रुग्णालयातून जिवंत असल्याचा कागद आणा."

तेव्हा कुठे खियतआजीच्या डोक्यात त्या गोड आवाजाबद्दल पहिली शंका आली: तो खरा तर नव्हता? ही शंका तिने लमायला सांगितली नाही. लमायलाही तीच आली होती; तिनेही सांगितली नाही.

पहाटे पाचला दोघी तालुक्याच्या रुग्णालयात पोचल्या. दारापासून चपलांची रांग लागलेली होती. माणसं बाकांवर अनवाणी बसली होती आणि त्यांच्या वतीने चपला उभ्या होत्या. आजीने रांगेत एकच चप्पल ठेवली आणि दुसरी मांडीवर घेऊन बसली.

"ही कशाला?" लमायने विचारलं.

"एकटी चप्पल कोण चोरतंय?"

दहा वाजता चपलेचा नंबर आला. खिडकीत एक तरुण परिचारिका होती. आजीने ओळखपत्र पुढे केलं, नंबरावर अंगठा दाबून.

"अंगठा काढा, आजी."

"आधी तू तुझं दाखव."

परिचारिकेने गळ्यातलं कार्ड वर केलं. विलावन. आजीने ते डोळ्यापाशी नेऊन उलटंसुलटं पाहिलं, वास घेतला आणि मग नाइलाजाने अंगठा काढला.

विलावनने नंबर टाकला आणि तिच्या भुवया जवळ आल्या. "नंबर प्रथुमआजींचा. त्या वारल्यात. नाव नत्तनिचा." तिने मान वर केली. "माझ्या वर्गात चार नत्तनिचा होत्या. त्यातली एकही शहात्तर वर्षांची नव्हती. आणि थांबा, हा आवाज! फोनवर तुम्हीच होता ना? मेलेल्या बाईच्या कार्डावर डोळा करून घ्यायला आलात?"

"मीच प्रथुम!"

"तुम्हीच म्हणालात, प्रथुम आता नाही."

"नाहीच. पण मी आहे!"

रांगेतले लोक आपापल्या चपला सोडून जवळ सरकले.

"नाव बदलल्याचा दाखला आणलाय?" विलावनने विचारलं.

तो दाखला टोळीच्या हाती लागू नये म्हणून आजीने इतका नीट लपवला होता, की एका डोळ्याने शोधून तो सापडला नव्हता. शेवटी विलावन म्हणाली, गावप्रमुखाने ओळख पटवली तरी चालेल. तिने थवीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठ्या आवाजावर टाकला.

"नमस्कार, रुग्णालयातून, डोळ्यांच्या विभागातून बोलतेय. तुमच्या गावात नत्तनिचा नावाच्या–"

"पुन्हा आलात?" थवी गरजला. "अशी कुणी पोरगी नाही आमच्याकडे! लाज नाही वाटत म्हाताऱ्यांना लुटायला?"

"थवी! अरे, मी खियत!" आजी खिडकीत डोकं घालून ओरडली.

"आवाजाची नक्कल पण करायला लागले! लमायने सांगितलंच होतं मला."

आजीने लमायकडे पाहिलं. लमाय छताचा पंखा बघत होती.

"गाढवा, तुला लहानपणी विहिरीतून मी काढलंय!"

"ते सगळ्या गावाला माहीत आहे. खरी खियतमावशी असशील तर असं काहीतरी सांग, जे तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

एक गोष्ट होती. ती तिने तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती, आणि आता समोर साठ अनवाणी माणसं कान देऊन उभी होती. तिने एकदा उजव्या डोळ्याने त्या एकशेवीस माणसांकडे पाहिलं.

"तुझ्या लग्नात," ती हळू आवाजात म्हणाली, "एक आहेराचं पाकीट निघालं होतं. त्यावर नाव नव्हतं. आत काही नव्हतं."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ते तुझं होतं?"

"हो."

"तीस वर्षं माझी बायको म्हणते, ते माझ्या मामाचं होतं! मामाशी बोलणं टाकलं मी!" थवीचा आवाज भरून आला होता, रागाने की आनंदाने ते कळत नव्हतं. "बाई, ती खियतमावशीच आहे. चोर असता तर पाचशे घातले होते म्हणाला असता."

विलावनने शिक्का मारला. खियतआजी साडेदहा वाजता सरकारदरबारी पुन्हा जिवंत झाली. भत्ता मागच्या बाकीसकट येईल, असं विलावन म्हणाली, आणि कधी ते म्हणाली नाही.

"आणि माझा डोळा?" आजीने विचारलं. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ती जागा दुसऱ्याला गेली असेल."

"नाही. तो मंगळवार ऑपरेशनचं यंत्र बिघडल्यामुळे रद्दच झाला. येत्या मंगळवारी आहे. आणि जागा अजून रिकामीच आहे."

आजीचे डोळे बारीक झाले. "रिकामी? एवढ्या रांगेत? कुणालाच नको? डॉक्टर कोण आहे?"

"डॉक्टर उत्तम आहेत, आजी. यादीत तुमच्यानंतर तुमच्याच गावचे सहा जण होते. मी एकेकाला फोन केला. सगळ्यांनी शिव्या घातल्या. गावप्रमुखांनी तर दोनदा."

"थवीला पण मोतीबिंदू आहे?"

"डाव्या डोळ्यात."

आजीने घाईघाईने सही केली. लमायने खिशातून फोन काढला. "थवीला सांगते कर्ण्यावरून घोषणा करायला. फोन खरे होते म्हणावं, बिचारे सगळे अडकलेत."

खियतआजीने तिच्या फोनवर हात ठेवला. "सांगू गं. बुधवारी सांगू." मग ती पुन्हा खिडकीकडे वळली. "बाई, आणि माझा दुसरा डोळा?"

"त्याची रांग वेगळी, आजी. दहा महिने तरी लागतील. अर्थात, मधे कुणी नको म्हटलं तर लवकर."

आजीने लमायच्या हातातला फोन काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"मग बुधवारी पण नको."