डावा पाय

हिशेबनीसांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "टॅक्सीबिक्सी काही नाही. मी सोडतो."

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. मुलं मोठी झाल्यावर ती पहिल्यांदाच नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती. मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा, आणि तीही मनापासून हवी असलेली. गाडी तिलाही येत होती, चांगली येत होती. पण "आज तू फक्त उत्तरं आठव" असं नवरा इतक्या मायेने म्हणाला, की तिला नाही म्हणवेना. सुनेला धीर द्यायला सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. (धीराची गरज नक्की कुणाला पडणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.)

हिशेबनीस सावध माणूस. भर चौकात गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वाजवून अब्रू काढतात, म्हणून ते डावा पाय कायम क्लचवर ठेवत. नुसता ठेवत नसत, निम्मा दाबून ठेवत.

उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन एकदम किंचाळलं. हिशेबनीसांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज वाढला, वेग कमी झाला.

"अरे, एवढी का ओरडतेय ही?" सासूबाई.

"जोर लावतेय, आई."

"मग पुढे का जात नाही?"

"जाईल गं. आधी आवाज, मग वेग."

तेवढ्यात सायकलवरचे एक आजोबा शेजारून पुढे निघून गेले. जाता जाता त्यांनी गाडीकडे बघून हळहळत मान हलवली.

"अहो, काहीतरी जळतंय," बायको म्हणाली.

"बाहेरचा वास असेल. काच लाव."

काच लावली. वास आणखी दाट झाला. आता मात्र हिशेबनीसांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पडेल आवाजात म्हणाले, "इंजिन गेलं. माझ्या हौसेपायी तुझी मुलाखत बुडाली गं."

बायको खाली वाकून बघत होती. "तुमचा डावा पाय कुठे आहे?"

"जागेवर."

"कुणाच्या जागेवर?"

हिशेबनीसांनी पाय असा उचलला, जणू खाली पाल होती.

"क्लच अर्धा दाबून ठेवलात, तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचणार कशी? ते बिचारं जागच्या जागी गरगरतंय आणि क्लच घासून जळतोय. उतरा."

"पण तुझी उत्तरं..."

"पाठ आहेत. उतरा!"

गाडी थोडी निवल्यावर बायकोने ती हळूच, आंजारत गोंजारत चढावरून नेली. इंजिन कुरकुरलं, पण ओरडलं नाही. वसतिगृहाच्या फाटकाशी ती वेळेत पोचली, पदर सारखा केला आणि आत गेली. बाहेर हिशेबनीस येरझारा घालत राहिले, सासूबाई त्यांना धीर देत राहिल्या.

बऱ्याच वेळाने बायको जवळजवळ धावतच बाहेर आली. "मिळाली! एक तारखेपासून या म्हणाले."

हिशेबनीसांना आनंदाने काय करावं कळेना. त्यांनी गाडीच्या टपावरच थाप मारली. "काय विचारलं गं?"

"म्हणाले, कठीण प्रसंगी डोकं शांत ठेवल्याचं एखादं उदाहरण द्या."

"मग क्लचचं सांगितलंस ना?"

"छे! क्लच काय, बदलून मिळतो. मी तुमचं सांगितलं."