आधी पोचलेलं पत्र

असं समजा, की तुमच्यासमोर एक पोस्टमन पोट आत ओढून उभा आहे आणि तुमच्या आईनं त्याच्या पँटचं बटण दोन्ही हातांनी धरून ठेवलंय. आणि तो पोस्टमन म्हणजे तुमचा बाबा आहे. आता श्वास रोखून धरा, कारण त्या खोलीत गोटीनंही रोखला होता.

"अजून ओढा आत," आई म्हणाली.

"आत आता जागाच नाही गं!"

बटण तुटलं, भिंतीवर आपटलं आणि कपाटाखाली गेलं. गोटीची आई शिवणकाम करायची. ही पँट तिनं दोनदा उसवून सैल केली होती. आता शिवणीत बोटभरसुद्धा कापड उरलं नव्हतं.

अठरा वर्षं बाबांनी टेकडीच्या वस्तीत टपाल वाटलं. एवढ्या पायऱ्या चढले, पण कधी पाय घसरला नाही. आणि घसरला तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायपुसण्यावरून! तीन महिने पाय प्लास्टरमध्ये. पण बाबांना बसून राहायची सवय कुठली? त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना घरांसारखे क्रमांक दिले. आईच्या नावाचं पत्र आलं, तर कुबड्या घेऊन दाराबाहेर गेले, बेल वाजवली आणि मगच ते तिच्या हातात ठेवलं. उरलेल्या वेळात, हातात पत्रं नसल्यामुळे, हात डब्यांकडे वळायचा. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं आणि वजन नऊ किलोंनी वाढलं होतं.

"हाड ठीक आहे, पण त्यावरचं ओझं उतरवा," डॉक्टर म्हणाले. "रोज चाला."

पोस्टमास्तर साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. "पंधरा दिवसांनंतरच्या सोमवारी पूर्ण बीट, म्हणजे वाटपाची अख्खी फेरी करायची. टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत, दोन तासांत. जमलं तर थैली तुमची. नाही तर काउंटरवरची खुर्ची आहेच, कायमची."

'कायमची खुर्ची' ऐकून बाबांचा दुखरा पाय जागच्या जागी नाचायला लागला.

शाळेला सुट्टी होती. गोटी रोज सकाळी बाबांबरोबर टेकडीवर चालायला निघाली, गळ्यात शिट्टी अडकवून. पण पहिल्याच घराशी गाडी अडली.

"अगंबाई, पोस्टमनदादा! किती सुकलात हो!" नऊ किलो वाढलेल्या माणसाला बेकरीवाल्या काकू म्हणाल्या आणि केकचा मोठा तुकडा पुढे आला. दुसऱ्या घरी दूध आणि बिस्किटं. तिसऱ्या घरी दोन उकडलेली अंडी, "हाडाला चांगली असतात." नाही म्हणावं तर समोरच्याचा चेहरा पडायचा, आणि अठरा वर्षांच्या ओळखीत बाबांनी कुणाचा चेहरा पाडला नव्हता. आठवड्यानं वजन केलं, तर काटा अजून दीड किलो पुढे!

"बाबा, तू चालायला जातोस की जेवायला?"

"अगं, चालल्याशिवाय जेवणाची घरं येणार कशी?" बाबा ओशाळून म्हणाले.

गोटीनं रात्रभर नाही, पण दात घासून होईपर्यंत विचार केला. दुसऱ्या दिवशी तिनं एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'यांना काहीही खायला देऊ नये. डॉक्टरांची सक्त मनाई.' आणि आईच्या टाचण्या घेऊन तो बाबांच्या पाठीवर, शर्टाला अडकवला. बाबांना कळलंसुद्धा नाही. रोज परतताना घराच्या कोपऱ्यावर आलं की ती तो गुपचूप काढून घ्यायची.

एका घरातून निघताना बाबांची पाठ शेजारच्या घराला दिसायची. बघता बघता केक थांबला, दूध थांबलं, अंडी थांबली. लोक दारात यायचे, हळू आवाजात "कसं आहे आता?" विचारायचे आणि डोळे टिपत आत जायचे.

"लोक बदलले गं गोटी," बाबा उसासा टाकून म्हणाले. पण त्या आठवड्यात वजन चार किलो उतरलं आणि रविवारी संध्याकाळी बटण लागलं. आईनं ते तिहेरी दोऱ्यानं शिवलं होतं.

सोमवारी सकाळी बाबा आणि गोटी पोस्टात पोचले, तर साहेबांच्या टेबलावर पत्रांचा ढीग.

"सदतीस पत्रं!" साहेब म्हणाले. "सगळ्या टेकडीनं लिहिलंय. 'आमच्या पोस्टमनदादांना गंभीर आजार आहे. त्यांचं खाणंसुद्धा बंद केलंय. त्यांना टेकडी चढायला लावू नका, सावलीत खुर्ची द्या.' अहो, एवढं दुखणं होतं तर बोलायचं नाही का?"

"मला? आजार?"

गोटीचे कान तापले. "बाबा, ती पाटी... मी लावली होती. तुझ्या पाठीवर." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

बाबा हसावं की रागवावं या विचारात असतानाच साहेबांनी चष्मा पुसला. "ते काही असो. लोकांची लेखी विनंती आहे. चाचणी रद्द. आजपासून तुम्ही काउंटरवर. आणि नियम असा, की प्रत्येक पत्राला त्याच दिवशी लेखी उत्तर, सही घेऊन हातात द्यायचं." साहेब नियमाला पक्के. त्यांनी उत्तरं टाइप करूनही ठेवली होती, 'आपल्या पोस्टमनला चालणे झेपत नसल्याने त्यांना खुर्ची देण्यात आली आहे.'

"वाटणार कोण?" गोटीनं विचारलं.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. बाबांच्या जागी आलेला बदली पोस्टमन शनिवारीच आपल्या गावी परत गेला होता.

"बाबा वाटेल," गोटी म्हणाली.

"अगं, पण त्यांना चालता येत नाही!"

"ते पत्रात लिहिलंय ना? पत्र अजून कुणाला पोचलंय कुठं?"

साहेबांनी नियमांच्या पुस्तकाची चार पानं उलटली. मग गुपचूप थैली पुढे केली आणि सह्यांची यादी गोटीच्या हातात दिली. "सही आणि वेळ, दोन्ही घ्यायच्या."

बाबा निघाले ते असे, की दाव्यातून सुटलेलं वासरू! पहिल्या चढाला धाप लागली, दुसऱ्या चढाला घाम आला, तिसऱ्या चढाला गुडघा कुरकुरला. "बसू का गं दोन मिनिटं?" त्यांनी विचारलं. गोटीनं शिट्टी वाजवली. बाबा उठले. दारोदार लोक पत्र वाचायचे, समोरच्या घामेजल्या माणसाकडे बघायचे, पुन्हा पत्र वाचायचे आणि गोंधळून सही करायचे.

सगळ्यात वर, शेवटच्या घरात निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांनी चष्मा लावून पत्र मोठ्यांदा वाचलं. "'चालणे झेपत नसल्याने...' हे पत्र इथवर आणलं कुणी?"

"मीच, बाई," बाबा धापा टाकत म्हणाले.

"दोनशे पायऱ्या चढून?"

"दोनशे चौदा."

बाईंनी सही केली, वेळ घातली आणि यादीच्या खाली लाल पेननं आणखी दोन ओळी लिहिल्या.

पोस्टात परतल्यावर साहेबांनी यादी वाचली. पहिली सही नऊ वाजून पाच मिनिटांची, शेवटची दहा बावन्नची, म्हणजे दोन तासांच्या आतच. खाली लाल अक्षरं होती, 'चालता न येणाऱ्या गृहस्थांनी हे पत्र स्वतः आणून दिले. हे कसे काय? लेखी खुलासा व्हावा.'

"म्हणजे तक्रार आली," साहेब हळूच म्हणाले. "उत्तर आजच द्यायला हवं. तेही हातात. टेकडीवर."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा नेमके तेव्हाच गुडघा चोळत काउंटरमागच्या खुर्चीवर टेकायला निघाले होते.

गोटीनं साहेबांपुढे कोरा कागद सरकवला, पेनाचं टोपण काढून दिलं, आणि बाबा टेकायच्या आत ती खुर्ची उचलून मागच्या खोलीत ठेवून आली.