ज्याचं पाकीट त्यानेच फोडायचं

कर्ज मुदतीआधी कसं फेडावं, याबद्दल कोणाला सल्ला हवा असेल तर खुशाल माझ्याकडे यावं. आमच्या घराचं तीन वर्षांचं उरलेलं कर्ज मी अकरा महिन्यांत फेडलं. नुसतं फेडलं नाही, इतकं फेडलं की बँकेच्या तोंडाला फेस आला!

झालं असं. मागच्या वर्षी बाबा गेले. जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "बाबा, हप्त्याबरोबर दर महिन्याला थोडी जादा रक्कम भरली की मुद्दल भराभर उतरतं. आता मी भरणार. वर्षभरात घराचे कागद तुमच्या हातात!"

बाबा पेपराआडून म्हणाले, "तुला आठवड्याची साखर आठवडाभर पुरवता येत नाही."

आणि हसले. तो मला टोमणा वाटला.

ते गेल्यावर मी हट्टालाच पेटले. कागद त्यांच्या हातात देता येणार नव्हते, निदान घरात तरी आणायचे होते. त्यांच्या वहीतून कर्जखात्याचा नंबर काढला आणि दर एक तारखेला मोबाईलवरून पैसे भरायला लागले. बँकेत मात्र पाऊल टाकलं नाही. कारण आत्या. बाबांची ही थोरली बहीण आमच्याकडेच असते आणि तिला कायद्यातलं सगळं कळतं. "कर्ज घेणारा गेला हे बँकेला समजलं, की दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप!" ती म्हणाली. "गप भरत राहा."

मी गप भरत राहिले.

जादा रक्कम काही आभाळातून पडत नाही. मी ग्रंथालयात नोकरी करते, त्यामुळे शिस्त लावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. घरात एका वेळी एकच दिवा, एकच पंखा. संध्याकाळी आम्ही तिघी एका खोलीत बसायचो, गाडी चुकलेल्या प्रवाशांसारख्या. चहाची पावडर दोनदा उकळायची. "हा चहा आहे की चहाची आठवण?" आत्या विचारायची. नवं पुस्तक घेणं बंद. आईचा चष्मा पडून एक काच तडकली, दांडी निखळली. दांडी मी दोऱ्याने बांधून दिली आणि म्हटलं, "कर्ज फिटेपर्यंत भागव."

आईने भागवलं. तिथेच माशी शिंकली होती, पण मला ऐकू आली नाही!

आमच्या घरात बाबांचा एक कडक नियम होता: ज्याचं पाकीट त्यानेच फोडायचं. मी शाळेत असताना मैत्रिणीचं पत्र आलं, तरी बाबा ते न फोडता माझ्या उशाशी ठेवायचे. ते गेल्यावरही त्यांच्या नावाने पाकिटं येत राहिली. दारात पोस्टमन म्हणायचा, "साहेबांचं." आई ते घेऊन बाबांच्या टेबलाच्या खणात ठेवायची. कोणी पाठवलंय हे तडकलेल्या काचेतून तिला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी तिने ते फोडलं नसतं. त्या खणाला हात लावायची मला तर हिंमतच नव्हती.

अकराव्या महिन्यात माझ्या हिशेबाने एक शेवटची रक्कम उरली. ती बाबांच्या स्कूटरमधून निघणार होती. स्कूटर सव्वा वर्ष मेकॅनिककडे पडून होती. पार्ट मिळत नाही, असं बाबा सांगायचे आणि सगळीकडे पायी जायचे.

"पार्ट आला नाही, ताई," मेकॅनिक मला बघताक्षणी म्हणाला.

"राहू दे. आहे तशी विकते. कुठेय?"

"ती आत आहे."

मी आत गेले. आत एक मोडकी सायकल आणि एक झोपलेलं मांजर होतं.

"स्कूटर कुठेय?"

मेकॅनिकने हात पुसायला फडकं घेतलं, ते फडकं हातांपेक्षा काळं होतं. "ताई, साहेबांनी ती केव्हाच विकली. घरी विचारलं तर पार्ट आला नाही म्हण, असं बजावलं होतं. मग ते गेले. पण 'आता सांग' असं मला कोणी सांगितलंच नाही!"

"आणि पैसे?"

"बँकेत भरतो म्हणाले."

घरी येऊन हे सांगितलं मात्र, आत्या ताडकन उठली. "त्याचं घड्याळही 'दुरुस्तीला' होतं! कॅमेरा 'मित्राकडे' होता! म्हणजे लपवलेलं दुसरं कर्ज असणार! दुसरं कर्ज म्हणजे दुसरं घर! आणि दुसरं घर म्हणजे..."

आईने चष्म्याचा दोरा सावरला. "वन्सं, पुढचं वाक्य बोललात तर उद्यापासून चहा एकदाही उकळणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बँकेत गेलो. कुलूप तर कुलूप! कर्ज विभागातल्या साहेबांना मी खात्याचा नंबर सांगितला. ते खुर्चीतून उठलेच.

"तुम्हीच का त्या?" मग मागे वळून ओरडले, "अहो, सापडल्या!"

चार टेबलांवरून चार माना वर झाल्या.

"बसा. तुमचं कर्ज मागच्या वर्षीच फिटलंय. शेवटची रक्कम तुमच्या वडिलांनी इथेच बसून भरली. कागद पंधरा दिवसांनी न्या म्हटलं, तर परत आलेच नाहीत."

"ते त्यानंतर आठव्या दिवशी गेले," मी म्हणाले.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मग मात्र त्यांचा बांध फुटला. "फोन करतो, तर फोन बंद! खातं बंद करायला घेतो, तर एक तारखेला तुमचे पैसे हजर! ते परत केल्याशिवाय खातं बंद होत नाही. परत कुठे पाठवू म्हणून पत्र लिहितो, तर उत्तराऐवजी पुढच्या महिन्यात आणखी पैसे! अहो, लोक हप्ते चुकवतात म्हणून आम्ही पत्रं लिहितो. हप्ते थांबवा म्हणून माझ्या नोकरीत हीच पहिली. अकरा पत्रं लिहिली, अकरा!"

मी आईकडे पाहिलं. आई चष्म्याच्या धड काचेतून छतावरचा पंखा बघत होती.

"म्हणजे आता बँक आमचं देणं लागते?" आत्याने विचारलं.

"हो."

"मग कुलूप कोणी लावायचं? आम्ही?"

निघताना साहेब मला हळूच म्हणाले, "अजून तीन वर्षं आहेत असं घरी मुद्दाम सांगितलंय, म्हणाले होते. मुलगी म्हणते मी कागद आणून देते, त्याआधी मीच ते तिच्या हातात ठेवणार. साखरेचंही काहीतरी म्हणाले होते, ते आता आठवत नाही."

"मला आठवतंय," मी म्हणाले.

अर्ज झाले, दाखले झाले, तिघींच्या ढीगभर सह्या झाल्या आणि घराचे कागद घरी आले. मी ते बाबांच्या टेबलावर ठेवले. आईला नवा चष्मा केला, तोही उधारीवर, कारण माझे सगळे पैसे बँकेत अडकले होते. ते चेकने परत येतील, घरच्या पत्त्यावर, असं साहेबांनी सांगितलं होतं. आत्याने आधीच जाहीर केलं, की चेक येईल त्या दिवशी चहाला ताजी पावडर!

गेल्या मंगळवारी बेल वाजली. मी डोक्याला साबण लावून बसले होते. दारात पोस्टमनचा आवाज आला, "साहेबांचं!"

तशीच टॉवेल गुंडाळून धावले. आई नव्या चष्म्यातून पाकिटावरचं सगळं खणखणीत वाचत होती. बँकेचं नाव वाचलं. कर्जखात्यावरचं बाबांचं पूर्ण नाव वाचलं, दोनदा. मग टेबलाशी गेली, खण उघडला, पाकीट ठेवलं आणि खण लावला.

"आई! त्यात आपले पैसे आहेत!"

"असतील."

"मग फोडूया ना!"

आईने दोन्ही काचांतून माझ्याकडे पाहिलं. "तुझं नाव आहे त्यावर?"

नव्हतं.

साबण डोळ्यांत जात होता, म्हणून मी वाद वाढवला नाही. पाकीट अजून खणातच आहे. पावडर तशीच दोनदा उकळते आहे. आणि साखर, बाबा म्हणाले होते तशी, याही आठवड्यात शुक्रवारीच संपली.