फोनची वामकुक्षी

देह नश्वर आहे, त्याला इलाज नाही. बॅटरी मात्र मरते ती केवळ मालकाच्या हलगर्जीपणानं, असं हिशेब तपासनीसांचं ठाम मत होतं. कचेरीत त्यांना 'वीस-ऐंशी' म्हणत (तोंडावर 'साहेब'). वीस टक्क्यांखाली उतरू द्यायचं नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचं नाही, हे व्रत त्यांनी फोन आणि लॅपटॉप, दोघांच्याही बाबतीत निष्ठेनं पाळलं होतं.

उष्णता बॅटरीला बाधते, म्हणून फोन कधी खिशात नाही (खिशाला लागून माणूस असतो, आणि माणूस गरम असतो). पडद्याचा उजेड इतका मंद, की फोन कुणाचा आलाय ते कळू नये. इंटरनेट बंद, आवाज बंद, थरथर तर केव्हाचीच बंद. दुपारी जेवण झालं की फोन पूर्ण बंद करून, रुमालात गुंडाळून, खणात वामकुक्षीला! त्यामुळे बॅटरीचं आरोग्य अजून शंभर टक्के होतं. नव्वद टक्के सहकारी त्यांचा हेवा करत. उरलेल्या दहा टक्क्यांना त्यांच्याशी काम असे, पण फोन लागत नसे.

त्यांची आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. "यांना एकटं ठेवू नका," असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा साहेबांनी तिला एक फोन घेऊन दिला. "काही झालं तर लगेच मला लाव. आणि हो, रात्रभर चार्जिंगला ठेवू नकोस हं!"

एका दुपारी आई न्हाणीघरात पडली. सरपटत फोनपर्यंत गेली, लेकाला लावला. पुन्हा लावला. पुन्हा लावला. शेवटी तिच्या हाका ऐकून शेजारीण धावली (हिची बॅटरी अगदीच टाकाऊ, बाई दिवसभर लोकांशी बोलते).

संध्याकाळी साहेब दवाखान्यात पोचले, तेव्हा आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि नर्सला विचारलं, "इथं सॉकेट कुठंय?" फोन एकवीसवर आला होता हो! जीव नुसता खालीवर होत होता.

"किती फोन केले रे तुला," आई म्हणाली.

"अगं, बंद होता तो. त्यालाही विश्रांती लागते."

आईनं प्लास्टरकडे पाहिलं, मग लेकाकडे. "बरा आहे ना आता तो?"

साहेबांना भरून आलं. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी त्याची एवढ्या आपुलकीनं चौकशी केली नव्हती.

अशा माणसाला नतद्रष्ट म्हणा, उलट्या काळजाचा म्हणा, खुशाल म्हणा. त्याआधी फक्त एवढं सांगा, तुमच्या फोनची बॅटरी आत्ता किती टक्के आहे? बघा, पटकन आलं उत्तर. आता आईला शेवटचा फोन कधी केलात, तेही सांगा. अंहं, फोनमध्ये बघून नाही.